तीनशे पत्रं, अकरा देणग्या: आवाहनपत्र कसं लिहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातली एक लहान संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह चालवते. नोव्हेंबर ते एप्रिल ४२ मुली तिथे राहतात आणि हंगामाचा एकूण खर्च ६ लाख ३० हजार रुपये येतो. गेल्या दिवाळीत संस्थेने ३०० जणांना आवाहनपत्रं पाठवली, त्यातल्या ११ जणांनी पैसे पाठवले. संस्थेचं काम पाहणाऱ्या ताईंनी पत्राचा मजकूर दिला आहे आणि विचारलंय, भाषा अधिक हृदयस्पर्शी कशी करता येईल?

ताई, तुमची भाषा चांगलीच आहे. पत्र दोनदा वाचलं. पहिल्या पानावर संस्थेची स्थापना, उद्दिष्टं, मिळालेले पुरस्कार आणि भेट देऊन गेलेले पाहुणे आहेत. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मुली येतात. शेवटी एक ओळ आहे, ‘तरी आपण यथाशक्ती आर्थिक साहाय्य करावे ही नम्र विनंती.’ वाचणारा इथवर आला तरी त्याला तीन गोष्टी कळलेल्या नसतात: किती द्यायचे, त्यातून नेमकं काय होणार, आणि आजच का द्यायचे. शब्द कितीही हळवे केले तरी ही तीन उत्तरं त्यातून मिळणार नाहीत. म्हणून मी भाषेआधी मागणीबद्दल बोलणार आहे. बऱ्याच संस्थांची पत्रं मी लिहून दिली आहेत, आणि मला हेच दिसत आलंय की मागणी नेमकी असली तर साधं पत्रही चालतं आणि ती मोघम असली तर सुंदर पत्र कौतुक मिळवून बाजूला पडतं.

मात्र त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ३०० पैकी ११ हा आकडा चांगला की वाईट, हे ते ३०० जण कोण होते यावर अवलंबून आहे. कुणाकडून मिळालेल्या यादीतले अनोळखी लोक असतील तर अकरा जणांनी विश्वास टाकला ही मोठी गोष्ट आहे. वसतिगृह पाहून गेलेले, पूर्वी देणगी दिलेले, तुमच्या कार्यकर्त्यांचे नातेवाईक असे असतील तर मात्र पत्रात काहीतरी चुकतंय. मी यादीचे सरळ तीन भाग करते: आधी पैसे दिलेले, संस्थेला प्रत्यक्ष ओळखणारे, आणि बाकीचे. पहिल्या दोन भागांतल्या प्रत्येकाचं नाव हाताने लिहावं आणि वर दोन ओळी खास त्याच्यासाठी असाव्यात. ‘मागच्या जानेवारीत तुम्ही आलात तेव्हा मुलींनी तुम्हाला कविता म्हणून दाखवली होती’ या वाक्याचं काम दुसरं कोणतंही वाक्य करू शकत नाही. तिसऱ्या भागाला छापील पत्र गेलं तरी हरकत नाही. आणि नवं पत्र लिहायला बसण्याआधी त्या अकरा जणांना फोन करा. आभार मानून झाले की विचारा, तुम्हाला द्यावंसं का वाटलं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. तुम्हाला महत्त्वाचं वाटतं ते आणि त्यांना भिडलं ते, यात बऱ्याचदा फरक असतो.

आता मागणी. तुमच्याकडे आकडे आहेत, हे तुमचं मोठं बळ आहे, पण पत्रात ते एकत्र गठ्ठ्याने आले आहेत. ६ लाख ३० हजार हा आकडा वाचून पगारदार माणूस काय करणार? त्याला वाटतं, माझ्या हजार-दोन हजारांनी काय होणार, हे कुणा मोठ्या माणसाचं काम आहे. हाच आकडा ४२ मुलींत वाटला तर एका मुलीचा हंगामाचा खर्च १५,००० रुपये होतो. महिन्याचे २,५००. आणि सगळ्या वसतिगृहाचा एका दिवसाचा खर्च सुमारे ३,५००. हे तीनच आकडे पत्रात ठेवा. ज्याला जो झेपेल तो तो उचलेल. चौथा पर्याय देण्याचा मोह टाळा. पर्याय वाढले की माणूस ‘नंतर ठरवू’ म्हणतो.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडासाठी माणशी एक पैसा मागितला आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात घरटी मूठभर धान्य मागितलं जाई, ते वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात जाई. दोन्हींत मागितलेली गोष्ट इतकी लहान आणि इतकी स्पष्ट होती की कोणालाही ती आपल्या आवाक्यातली वाटावी.

या १५,००० रुपयांत काय काय धरलं आहे हे एका वाक्यात सांगा, आणि इथे एक अवघड जागा येते. तुमच्या खर्चात स्वयंपाकाच्या मावशी आणि रात्री मुक्कामाला राहणाऱ्या गृहमाता यांचं मानधन आहे. पत्रात मात्र ते कुठेच नाही. तिथे दप्तरं, गणवेश आणि ‘शैक्षणिक साहित्य’ आहे. का, ते मला समजतं. देणगीदार म्हणतात, माझे पैसे मुलींवर खर्च व्हावेत, पगारावर नकोत. म्हणून संस्था दप्तरांसाठी पैसे मागते आणि मग मानधन कुठून द्यायचं या विवंचनेत सापडते. कारण दप्तरांसाठी म्हणून मागितलेले पैसे दप्तरांवरच खर्च व्हायला हवेत, तिथे मन मोठं करून चालत नाही. शिवाय मागाल ते मिळतं. मी अशी वसतिगृहं पाहिली आहेत जिथे दप्तरांचे ढीग आहेत आणि स्वयंपाकाच्या बाईंचं मानधन तीन महिने थकलेलं आहे.

त्यापेक्षा खरं लिहा. उदाहरणार्थ: ‘या १५,००० रुपयांत धान्य, भाजी, दूध, साबण-तेल, औषधं, वह्या आणि आमच्या दोन मावशी व गृहमाता यांचं मानधन आलं. मध्यरात्री एखादीला ताप आला तर तिच्या उशाशी बसणारं माणूस हवं. आईबाप दोनशे मैलांवर असताना ते काम गृहमाता करते.’ हे वाचून कोणी ‘पगारावर कशाला’ असं म्हणणार नाही. निदान माझ्या अनुभवात असं म्हणणारे फार थोडे निघाले, आणि ते तरीही दूध-भाजीसाठी द्यायला तयार झाले.

पत्राची सुरुवात बदलायलाच हवी. ‘आपणास कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ ही ओळ आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो, म्हणून ती आपोआप येते. वाचणारा ती आपोआप ओलांडून पुढे जातो. तुम्हाला जे माहीत आहे आणि पुण्यामुंबईच्या वाचणाऱ्याला माहीत नाही, तिथून सुरू करा. मी साधारण असं लिहीन:

‘दसरा झाला की आमच्या गावात ट्रक-ट्रॅक्टर लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला हे कोयते सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. घरी सांभाळणारं कोणी नसेल तर मुलगीही सोबत जाते. फडावर ती धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. एप्रिलमध्ये परत येते तेव्हा तिचा वर्ग पुढे गेलेला असतो. यंदा अशा ४२ मुलींना आम्ही गावातच ठेवून घेणार आहोत, म्हणजे त्यांची शाळा सुटणार नाही. त्यांतल्या एका मुलीचा सहा महिन्यांचा भार आपण उचलाल का?’

बघा, यात ‘दीनदुबळ्या’, ‘अभागी’, ‘चिमुकल्या डोळ्यांतली स्वप्नं’ यांतलं काही नाही. उचल, कोयता, फड हे तुमच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. ते गाळून ‘स्थलांतरित कामगारांच्या पाल्यांचा शैक्षणिक प्रश्न’ असं लिहिलं की ते सरकारी अहवालासारखं वाटतं. आणि प्रश्न पहिल्याच परिच्छेदात विचारला आहे. मागणी शेवटासाठी राखून ठेवणं आपल्याला सभ्यपणाचं वाटतं, पण पत्र उघडणाऱ्याला पहिल्या क्षणीच माहीत असतं की हे पैशांसाठी आहे. त्याला ताटकळत ठेवण्यात सौजन्य नाही. संस्थेची स्थापना, नोंदणी क्रमांक, पुरस्कार हे सगळं शेवटी, लहान टाइपात, तीन ओळींत द्या. ते लागतंच, कारण पैसे पाठवायचं ठरल्यावर माणूस खात्री करून घेतो. पण ठरवतो तो ते वाचून नव्हे.

यानंतर वाचणाऱ्याच्या मनात हमखास येणारी एक शंका तुमच्या पत्राने पूर्ण टाळली आहे: सरकार यासाठी काही करत नाही का? वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला माहीत असतं की शिक्षण विभागाची हंगामी वसतिगृहं आहेत, आणि २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. तुम्ही त्याबद्दल गप्प राहिलात तर त्याला वाटेल, यांना माहीत नाही किंवा हे लपवताहेत. तुमच्या गावापासून सर्वात जवळचं सरकारी वसतिगृह किती लांब आहे, तिथे जागा किती, तुमच्या मुलींना तिथे का जाता आलं नाही, हे दोन-तीन वाक्यांत सांगा. सरकारला शिव्या देऊ नका, बढाईही मारू नका. जी पोकळी तुम्ही भरताय ती दाखवा. एका गावातली खरी परिस्थिती सांगितली की तुम्हाला काम नीट माहीत आहे हे आपोआप सिद्ध होतं.

मुलींच्या गोष्टीबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण ‘हृदयस्पर्शी’ म्हटलं की सगळ्यांची पावलं तिकडेच वळतात. तुमच्या पत्रात एका मुलीचं पूर्ण नाव, गाव, वडिलांच्या व्यसनाचा उल्लेख आणि रडतानाचा फोटो आहे. तो फोटो आजच काढून टाका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ मध्ये मनाई आहे. तुमच्या सगळ्या मुली त्या व्याख्येत बसतात की नाही हा वकिलाचा प्रश्न. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती मुलगी आणखी दहा वर्षांनी कॉलेजात असेल आणि हे पत्र कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर फिरत असेल. तिच्या वडिलांनी तुमच्या विश्वासावर तिला मागे ठेवलंय. त्यांच्या घरातलं दुखणं ही पैसे मिळवायची वस्तू नाही.

गोष्ट सांगाच, पण ती अशी सांगा की त्या मुलीच्या आईने वाचली तरी तिला मान खाली घालावी लागू नये. नाव बदला आणि बदललं आहे असं लिहा. गाव सांगू नका. आणि दुःखाऐवजी तिने काय केलं ते सांगा. पहिल्यांदा आली तेव्हा तिसरीत असून तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती, मार्चमध्ये तिने आईला फोनवर धडा वाचून दाखवला. एवढं पुरेसं आहे. यातली आई कारखान्यावर पालावर आहे, हे वाचणाऱ्याला आपण आधीच सांगितलंय. पुढचं तो स्वतः जोडतो. फोटो हवाच असेल तर पाठमोऱ्या मुली, भाकरी थापणाऱ्या मावशींचे हात, भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता असा घ्या. मावशींना विचारून.

पत्र केव्हा पाठवायचं यालाही मी मजकुराइतकंच महत्त्व देते. तुमचं पत्र दिवाळीत गेलं. तेव्हा घराघरांत बोनस कपडे-फराळात संपलेला असतो आणि पन्नास शुभेच्छापत्रांत तुमचं एक असतं. शिवाय तोवर ट्रक निघून गेलेले असतात, मुली तुमच्याकडे आलेल्या असतात, म्हणजे ‘आज का’ या प्रश्नाचं उत्तरही हातातून गेलेलं असतं. तुमच्या कामाची वेळ दसऱ्याला बांधलेली आहे. पत्र गणपतींनंतर, पितृपक्ष सुरू होण्याच्या सुमारास लोकांच्या हातात पडू द्या. महाराष्ट्रात आईवडिलांच्या स्मरणार्थ देणगी देणारी माणसं खूप आहेत, आणि त्या पंधरवड्यात बरीच घरं विधीवरचा खर्च कमी करून एखाद्या संस्थेला पैसे पाठवतात. ‘एका दिवसाचा खर्च ३,५०० रुपये’ हा आकडा नेमका त्यांच्यासाठी आहे.

इथे आणखी एक साधी गोष्ट करा. पत्रासोबतच्या कुपनात एक रकाना ठेवा: ‘कोणत्या दिवसासाठी?’ कोणी आईची पुण्यतिथी लिहील, कोणी नातीचा वाढदिवस. हंगामातली तारीख असेल तर त्या दिवशी फळ्यावर ते नाव लिहा आणि फळ्याचा फोटो त्यांना पाठवा. तारखेची नोंद वहीत ठेवा आणि पुढच्या वर्षी त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी एक पोस्टकार्ड टाका. माझ्या पाहण्यात वर्षानुवर्षं न चुकता देणारे लोक सगळ्यात जास्त याच वाटेने आले. फक्त हे स्पष्ट लिहा की ३,५०० रुपये म्हणजे त्या दिवशीचं जेवणच नव्हे, वसतिगृहाचा सगळाच खर्च आहे. नाहीतर एखादे आजोबा येऊन विचारतील, माझ्या दिवशी गोड का नव्हतं, आणि त्यांचं विचारणं रास्त असेल.

शेवटी ‘ता. क.’ जरूर लिहा. पत्र चाळणारा माणूस सुरुवात, सही आणि ता. क. एवढं नक्की वाचतो. तिथे मागणी आणि तारीख पुन्हा एकदा यावी: ‘दसऱ्यापर्यंत किती मुलींची सोय होईल हे कळलं तर तितक्या पालकांना आम्ही ठाम शब्द देऊ शकतो.’ सही अध्यक्षांची असण्यापेक्षा रोज वसतिगृहात असणाऱ्या व्यक्तीची असावी, आणि खाली तिचाच फोन नंबर. फोन केल्यावर मुलींचा कालवा मागून ऐकू आला तर पत्राचं उरलेलं काम तोच करतो.

करसवलतीबद्दल तुमच्या पत्रात ठळक अक्षरात लिहिलंय, ‘देणगी आयकरमुक्त’. हे बदला. ८०-जी या आयकर कायद्यातल्या देणगी-सवलतीच्या कलमाखाली तुमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही. आणि नव्या करप्रणालीत असलेल्यांना ती मुळीच मिळत नाही, आता तर बहुतेक पगारदार तिकडे गेले आहेत. म्हणून सवलतीची एक ओळ पुरे: ‘जुन्या करप्रणालीत असलेल्यांना ८०-जीची पावती व प्रमाणपत्र मिळेल.’ त्या प्रमाणपत्रासाठी देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन लागतो, कारण संस्थेला वर्षाच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावं लागतं आणि त्यावरून प्रमाणपत्र निघतं. पत्रावर क्यूआर कोड छापलात की पैसे येतात, पण कुणी पाठवले ते कळत नाही. म्हणून कोडच्या खालीच लिहा की पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन या नंबरवर कळवा, आणि तो नंबर रोज पाहणारं एक माणूस नेमा. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर ३० टक्के कर लागतो, त्यामुळे हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळण्यासारखं नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून छापण्याआधी ही ओळ तुमच्या सीएंना दाखवा.

तुमच्या यादीत अमेरिकेतले आणि दुबईतले काही नातेवाईक दिसले. तिथे जपून. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून देतो तेव्हा ती परकीय देणगी धरली जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी परकीय ठरते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलं तरी. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि त्यासाठीचं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं नसेल तर असे पैसे घेता येत नाहीत. परदेशी जाणाऱ्या पत्रात हे सरळ लिहा. प्रेमाने पाठवलेले डॉलर परत करायची वेळ येऊ नये.

कंपन्यांचं विचारलंय, त्याबद्दल थोडक्यात: सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, हे पत्र उपयोगाचं नाही. तिथे सीएसआर-१ या अर्जाने केलेली संस्थेची नोंदणी, प्रकल्प प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षित हिशेब लागतात. तो वेगळा विषय आहे.

पैसे आल्यानंतरचं पत्र हे आवाहनपत्राइतकंच जीव लावून लिहा. पावती आठवड्याच्या आत जावी आणि तिच्यासोबत दोन ओळी हाताने लिहिलेल्या असाव्यात. मग एप्रिलअखेर, मुली घरी गेल्यावर, सगळ्या देणगीदारांना एक पान पाठवा. त्यात काहीही मागू नका. किती आले, कशावर किती गेले, किती मुलींनी वर्ष पूर्ण केलं ते सांगा. तीन मुली जानेवारीत आईकडे फडावर निघून गेल्या असतील तर तेही सांगा, आणि का गेल्या तेही. असं पान वाचलेला माणूस पुढच्या भाद्रपदात तुमचं पाकीट उघडतो.

जे देणार नाहीत त्यांच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा जा, नव्या मजकुराने. बहुतेकांचा नकार हा त्या महिन्यापुरता असतो: घरात आजारपण असतं, लग्न असतं, पत्र नजरेआड झालेलं असतं. पण कोणी ‘मला पाठवू नका’ असं कळवलं तर त्याच दिवशी त्यांचं नाव यादीतून काढा आणि काढल्याचं त्यांना नम्रपणे कळवा.